लग्नाच्या बँडवाल्यांना घेऊन नाशकात 'रॅप्सडी इन ब्लू' कसं बसवायचं

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना पियानो बऱ्यापैकी येतो, म्हणजे सातवी-आठवी ग्रेड झालीय किंवा परीक्षा नसली तरी तेवढा हात आहे, आणि ज्यांना आता एकट्याने खोलीत वाजवण्यापेक्षा चार माणसांसोबत काहीतरी मोठं करायचंय. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं 'रॅप्सडी इन ब्लू' त्यासाठी एकदम योग्य आहे. कठीण आहे, पण नाशिकसारख्या गावात बसू शकतं, आणि माझं तर मत आहे की इथे ते सिम्फनीवाल्या शहरांपेक्षा जास्त खरं वाजू शकतं. का ते सांगतो.

आधी पीस काय आहे ते थोडक्यात. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या बँडने हे पहिल्यांदा वाजवलं, पियानोवर स्वतः जॉर्ज गर्श्विन, वय पंचवीस. महिनाभर आधी, ४ जानेवारीला, पेपरात बातमी आली की गर्श्विन या कार्यक्रमासाठी जॅझ कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि सोबत बाकी वाद्यवृंद अशी रचना) लिहितोय, आणि तेव्हा कुठे तो कामाला लागला. पाचेक आठवड्यात सगळं उरकायचं होतं, म्हणून बँडची मांडणी फर्डी ग्रोफे नावाच्या व्हाइटमनच्या अरेंजरने केली, त्याला प्रत्येक वादक कसा वाजवतो ते पाठ होतं. आता महत्त्वाचं म्हणजे व्हाइटमनचा बँड हा डान्स बँड होता. तीन रीडवाले (क्लॅरिनेट, सॅक्सोफोनसारखी वाद्यं वाजवणारे) जे वाद्यं बदलून बदलून वाजवायचे, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न, ट्युबा, बँजो, ड्रम आणि जोडीला थोडी व्हायोलिनं. आपण रेकॉर्डिंगमध्ये जे भव्य सिम्फनीवालं ऐकतो ती ग्रोफेचीच १९४२ ची मांडणी, मधे एक १९२६ ची थिएटर ऑर्केस्ट्राची पण आहे. म्हणजे हे मुळात पार्टीत, हॉटेलात वाजवणाऱ्या पोटासाठी वाजवणाऱ्या लोकांसाठी लिहिलेलं संगीत आहे, आणि तसे लोक नाशकात भरपूर आहेत, ते वरातीत वाजवतात.

दुसरी गोष्ट, आणि पूर्ण लेखात मला हेच सांगायचंय: या पीसमध्ये नवीन लोक पडतात ते अवघड पॅसेजमध्ये नाही पडत, ते जोडांमध्ये पडतात. पियानो एकटा मोकळा वाजवत असतो, मग बँड येतो, मग परत पियानो, परत बँड. कोण कोणासाठी थांबणार, इशारा कोण देणार, हे ठरलेलं नसेल तर कितीही बोटं पळवा, उपयोग नाही. पहिल्या प्रयोगाच्या वेळी गर्श्विनचा पियानोचा भाग कागदावर पूर्ण उतरलेलाच नव्हता, काही ठिकाणी तो ऐनवेळी सुचेल तसं वाजवणार होता, आणि बँडच्या स्कोअरमध्ये तिथे 'मान हलवेपर्यंत थांबा' अशी सूचना होती. तेव्हा तालीम करताना सगळ्यात जास्त वेळ या जोडांना द्या, बाकीचं प्रत्येकजण घरी करू शकतो.

कॅलेंडर आधी, नोटेशन नंतर

तारीख ठरवताना पियानोच्या परीक्षा आणि हॉलची उपलब्धता बघून चालत नाही, लग्नसराई बघावी लागते. तुळशीचं लग्न लागलं की बँडवाले हाताला लागत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका. म्हणून आषाढी एकादशीनंतर सुरुवात करा. चातुर्मासात लग्नं नसतात, माणसं मोकळी असतात, थोडी पैशाची गरजही असते. मधे गणपतीचे दहा दिवस सोडून द्यायचे, त्या दिवसात कोणी येणार नाही आणि बोलवूही नये. पण गणपती गेले की लगेच पितृपक्ष लागतो, आणि त्या पंधरवड्यात बँडला सुपारी जवळपास नसतेच, तो पंधरवडा म्हणजे सोनं आहे. सगळ्यांना एकत्र बसवायच्या मुख्य तालमी तेव्हाच लावा. नवरात्रात परत थोडी पळापळ होते. कार्यक्रम दसऱ्यानंतर, कोजागिरीच्या आसपास ठेवला तर बसतं, पावसाळा सरलेला असतो, हवा बरी असते आणि दिवाळीची खरेदी अजून डोक्यावर बसलेली नसते.

पावसाळ्यात तालीम करायची म्हणजे दोन त्रास, एक म्हणजे खरा पियानो असेल तर दमट हवेने सूर सरकतो, म्हणून ट्यूनर बोलवायचा तो कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, महिनाभर आधी नाही. दुसरं म्हणजे क्लॅरिनेटच्या रीड. भिजतात, वाकतात. वादकाला दोन-तीन चांगल्या रीडचे पैसे तुम्ही द्या, हा खर्च वाचवू नका.

माणसं कुठून आणायची

जुन्या नाशकात, पंचवटीत, नाशिकरोडला चौकशी केली की बँडवाले सापडतात. मास्तरांना, म्हणजे बँडच्या प्रमुखाला, भेटायला स्वतः जा, फोनवर हा विषय समजावता येत नाही. मोबाईलवर पीसची पहिली दोन मिनिटं ऐकवा, तेवढं पुरतं. ती क्लॅरिनेट ऐकली की क्लॅरिनेटवाल्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं की गडी तयार आहे का नाही. मास्तरांना मास्तरच म्हणायचं, अहो-जाहो करायचं, आणि तालमीचे पण पैसे द्यायचे हे पहिल्याच भेटीत बोलून टाकायचं. 'कलेसाठी करूया' वगैरे म्हणू नका प्लीज. त्यांच्यासाठी ती संध्याकाळ म्हणजे कामाची संध्याकाळ असते.

एवढ्याने भागतं असं नाही कारण बऱ्याच बँडवाल्यांचा कान जबरदस्त असतो पण स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचता येतंच असं नाही. दोन-तीन वाचणारे हवेतच. देवळाली, नाशिकरोड भागात लष्कराची वस्ती आहे, तिकडे निवृत्त आर्मी बँडवाले भेटले तर सोडू नका, ते पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत किंवा आपल्या पलटणीत नोटेशनवरच शिकलेले असतात आणि शिस्तीचे असतात. शरणपूरकडच्या चर्चच्या क्वायरमधून व्हायोलिनवाले विचारा. कॉलेजमधली गिटार, बेस, ड्रमवाली पोरं तर कुठल्याही कट्ट्यावर मिळतील.

मी सुचवेन ती टीम अशी: क्लॅरिनेट एक, आल्टो सॅक्स एक, टेनर सॅक्स एक, ट्रम्पेट दोन, ट्रॉम्बोन एक, युफोनियम एक (छोट्या ट्युबासारखं पितळी वाद्य, हॉर्नचा भाग त्याला द्यायचा, मस्त लागतो), व्हायोलिन दोन ते चार, बँजोच्या जागी गिटार, बेस गिटार, ड्रमसेट. आणि हातात काठी घेतलेला एक माणूस, तो दुसरा काही वाजवणार नाही. पियानोवाल्यानेच कंडक्ट करायचं हे पहिल्यांदा करणाऱ्यांनी डोक्यातून काढा. मास्तर स्वतः कंडक्ट करायला तयार झाले तर सगळ्यात उत्तम, बँड त्यांच्या डोळ्यांवर चालतो, तुमच्या नाही.

कागद

गर्श्विनने स्वतः दोन पियानोंसाठी केलेली आवृत्ती आहे, पहिला पियानो म्हणजे सोलो आणि दुसऱ्या पियानोत सगळा बँड. तुमचा पाया हा कागद. त्यावरून आपल्या माणसांसाठी आपण मांडणी करायची. कायद्याचं सांगायचं तर गर्श्विन ११ जुलै १९३७ ला गेला, आपल्याकडे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे त्याची रचना केव्हाच मोकळी झालीये, आणि अमेरिकेतसुद्धा हा १९२४ चा पीस २०२० पासून मुक्त आहे. पण ग्रोफे १९७२ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या मांडणीचे पार्ट वापरायचे असतील तर प्रकाशकाकडून रीतसर भाड्याने घ्या, कुठून तरी आलेली पीडीएफ छापून वाटू नका. आणि एखाद्याच्या रेकॉर्डिंगवरून त्याची मांडणी जशीच्या तशी उतरवू नका.

पार्ट लिहिताना वाद्यांचे सूर सांभाळा. बी फ्लॅट क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स यांच्या कागदावर जो 'सी' असतो तो पियानोवरचा बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. आल्टो सॅक्सचा 'सी' म्हणजे पियानोचा ई फ्लॅट, काळी दोन. तालमीत 'सी वाजवा' म्हणालात तर तीन वेगळे सूर येतील आणि अर्धा तास गोंधळ होईल, म्हणून सरळ काळी-पांढरी बोला, ती भाषा सगळ्यांना कळते. वरातीच्या बँडमध्ये छोटी ई फ्लॅट क्लॅरिनेट पण असते तेव्हा कोणती आहे ते आधीच विचारून घ्या. आणि जे कानाने वाजवतात त्यांच्यासाठी त्यांचा भाग सरगममध्ये लिहून द्या आणि तुम्ही पियानोवर हळू वाजवून व्हॉट्सअॅपवर ऑडिओ पाठवा, ते कागदवाल्यांच्या आधी पाठ करून येतील.

किती वाजवायचं

पूर्ण पीस सोळा-सतरा मिनिटांचा आहे. पहिल्या वेळेला पूर्ण करायचा हट्ट नको. स्वतः गर्श्विनने जून १९२४ मध्ये व्हाइटमनच्या बँडसोबत जी तबकडी केली ती दोन बाजूंत बसवायची म्हणून कापून साधारण नऊ मिनिटांवर आणलेली. त्यामुळे कापल्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला विचाराल तर सुरुवातीपासून पहिला मोठा बँडचा भाग, मग मधले पियानोचे सोलो कमी करत थेट ई मेजरमधल्या त्या संथ चालीवर यायचं, तिथून 'अजिटाटो'चा पळणारा भाग आणि मग शेवट. कापाकापी अशा ठिकाणी करा जिथे पियानो एकटा आहे, म्हणजे एका सुरातून दुसऱ्या सुरात नेणारं काम तुमच्या हातात राहतं, बँडला उडी मारावी लागत नाही. काय कापलं ते सगळ्यांच्या कागदावर एकाच बैठकीत लाल पेनने मारायचं. एकाच्या कागदावर राहिलं की बस.

ती क्लॅरिनेट

आता मजा. पीस सुरू होतो तोच क्लॅरिनेटच्या खालच्या सुरावरच्या थरथरीने, काळी पाचचा सा धरला तर मंद्र पंचम, आणि तिथून अडीच सप्तकं वर चढत थेट वरच्या सा वर. मुळात कागदावर ही सुट्या सुरांची सतरा सुरांची धाव होती. तालमीत रॉस गॉर्मन या व्हाइटमनच्या क्लॅरिनेटवाल्याने गंमत म्हणून वरचा भाग ओढून, घसरवत वाजवला आणि गर्श्विनला तो इतका आवडला की म्हणाला असाच ठेव. तेव्हापासून जगात सगळीकडे तसाच वाजतो.

आता ही मींड आहे हो. शास्त्रीय क्लॅरिनेट शिकलेल्या परदेशी मुलांना हे वेगळं शिकावं लागतं, आणि आपला वरातीतला माणूस रोज हेच करतो, नवरीच्या पाठवणीला जी धून वाजते तिच्यात काय असतं दुसरं? तेव्हा त्याला तंत्र शिकवायला जाऊ नका. फक्त तीन गोष्टी सांगा. एक, खालचा अर्धा रस्ता सुटे सूर पटापट वाजवायचे, मींड सुरू करायची ती रजिस्टर (वाद्याचा खालचा-वरचा पट्टा) बदलून वर आल्यावर, साधारण मधल्या भागापासून, कारण खालून ओढत आणायला गेलं तर मधे सूर फाटतो. दोन, बोटं भोकांवरून एकदम उचलायची नाहीत, एकेक करून सरकवत मोकळी करायची आणि त्याच वेळी जबडा सैल आणि गळा उघडा ठेवायचा, सूर खाली खेचून धरायचा आणि हळूहळू सोडायचा. तीन, घाई नाही. वर पोचायला त्याला हवा तेवढा वेळ, बँड थांबेल. ओठांवर घाम येतो तेव्हा हॉलमध्ये जायच्या आधी पाच मिनिटं त्याला एकट्याला वाजवू द्या, थंड रीडवर ही सुरुवात होत नाही.

वर पोचल्यावरच्या चालीत कोमल निषाद आहे आणि गंधार कधी शुद्ध कधी कोमल आहे. ब्लू नोट म्हणतात ती हीच. क्लॅरिनेटवाल्याने गंधार दोन्हींच्या मधे कुठेतरी लावला तर त्याला ट्यूनर दाखवून सुधारू नका! ते बरोबर आहे. पियानोवर आपल्याला ती मधली जागा मिळत नाही म्हणून गर्श्विन पियानोत दोन्ही गंधार शेजारी शेजारी आपटतो.

त्याच्यामागून येणाऱ्या ट्रम्पेटला 'वॉ-वॉ' करायचं असतं. त्यासाठी महागडा म्यूट (ट्रम्पेटचा आवाज दाबायचं झाकण) लागत नाही, हार्डवेअरच्या दुकानात बेसिन तुंबलं की वापरतात तो रबरी पंप मिळतो, नवा घ्या, दांडा काढा, ती रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडासमोर उघडझाप करायची. अमेरिकेतले वादकपण तेच वापरत आलेत.

ताल आणि स्विंग

या पीसमध्ये आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे तुकडे खूप वेळा येतात. पियानो शिकलेली मुलं इथे अडखळतात कारण ती चार-चार मोजतात. ड्रमवाल्याला आणि बँडला सांगा केरवा धरा आणि टाळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर द्या. झालं. सगळ्यांनी वाद्य खाली ठेवून पाच मिनिटं नुसत्या टाळ्या वाजवा, पियानोवाल्यानेपण.

स्विंगचा, म्हणजे सूर झुलवत वाजवायचे का, हा प्रश्न नेहमी येतो. १९२४ चं जॅझ हे नंतरच्या स्विंग बँडसारखं झुलत नव्हतं, ते रॅगटाइम या त्याआधीच्या अमेरिकन पियानो शैलीच्या जवळचं, सरळ आणि टोकदार होतं. जसं लिहिलंय तसं सरळ वाजवा, लय पुढे रेटती ठेवा. गर्श्विनची स्वतःची रेकॉर्डिंग ऐका, १९२४ चं आणि १९२७ चं, तो किती पटपट आणि कोरडं वाजवतो, पेडल किती कमी वापरतो. आपण ते नंतरच्या गोड रेकॉर्डिंगवरून शिकतो आणि सगळं चिकट करून टाकतो. १९७६ मध्ये मायकल टिल्सन थॉमसने गर्श्विनच्या पियानो रोलसोबत (त्याचं वाजवणं भोकं पाडून नोंदलेली कागदी गुंडाळी) मूळ बँडची मांडणी वाजवून रेकॉर्ड केलीय, ती तर बँडमधल्या प्रत्येकाला ऐकवा.

आणि बँडवाल्यांना हे परकं वाटेल अशी भीती बाळगू नका. गोदावरीकाठच्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला सोबत घेऊन हा रंग सिनेमाच्या गाण्यात कधीच आणलाय, आणि ती गाणी वरातीत अजून वाजतात. त्यांना ती आठवण करून द्या, हात आपोआप तिकडे जातो.

जोड

आता मुख्य. पहिल्या दोन तालमी फक्त जोडांच्या करा, पूर्ण पीस वाजवायचाच नाही. प्रत्येक जोडाच्या आधीच्या चार आणि नंतरच्या चार बार (नोटेशनमधले ताल मोजायचे खण), पुन्हा पुन्हा. आपल्याकडे गवई मोकळा आलाप करतो आणि मुखडा पकडून समेवर येतो तेव्हा तबलजी त्याच्या श्वासावरून ओळखतो ना, अगदी तसंच इथे हवंय, फक्त इथे तबलजी बाराजण आहेत म्हणून इशारा ठरवूनच ठेवावा लागतो.

पियानोची पहिली मोठी मोकळी जागा संपून बँड एकत्र येतो तो जोड सगळ्यात धोक्याचा. पियानो वेगाने वर जात असतो, लय ताणलेली असते आणि कंडक्टरला खाली हात कधी आणायचा कळत नाही. उपाय असा की शेवटच्या धावेतला एक सूर ठरवा, जिथून पुढे पियानोवाला लय बिलकुल ताणणार नाही, काट्यावर वाजवेल. तो सूर पियानोवाल्याच्या आणि कंडक्टरच्या दोघांच्या कागदावर गोल करा. त्याच्या आधी काय वाट्टेल ते करा, हवं तितकं थांबा, पण त्या सुरानंतर तुम्ही बँडचे. कंडक्टर तिथून मोजतो, बँडला एक रिकामा ठोका दाखवतो, आणि सगळे उतरतात. हे एकदा जमलं की अंगावर काटा येतो खरंच.

दुसरा जोड संथ चालीच्या आधीचा. इथे पियानो बराच वेळ एकटा असतो, हळूहळू शांत होत जातो आणि मग बँड ती ई मेजरमधली चाल उचलतो. इथे गडबड उलटी होते, बँडवाले तोवर रिलॅक्स झालेले असतात, कोणी पाणी पितंय, कोणी रीड बदलतंय. कंडक्टरने पियानोच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या की हात वर करून ठेवायचा, सगळ्यांनी वाद्य ओठाला. पियानोवाल्याने शेवटचा सूर धरून मान वर करून कंडक्टरकडे बघायचं, हलकी मान, एक श्वास, आणि बँड. चाल व्हायोलिन आणि सॅक्सला, आणि चालीचे लांब सूर धरलेले असताना खालून जी एकेका अर्ध्या स्वराने सरकणारी ओळ येते ती युफोनियमला. ती ओळ ऐकू आलीच पाहिजे. लोक चालीवर प्रेम करतात आणि तिला विसरतात, पण त्या लांब सुरांना चालतं ठेवते ती हीच. युफोनियमवाल्याला सांगा तुझ्यावर आहे सगळं, कारण वरातीत त्याला हे कोणी सांगत नाही.

अजिटाटोमध्ये पियानोचे दोन्ही हात आळीपाळीने एकच सूर ठोकत वेग पकडतात. वेग कितीपर्यंत न्यायचा हे पियानोवाल्याने ठरवायचं नाही, ट्रॉम्बोनने ठरवायचं. त्याला जेवढं स्वच्छ जमतं तिथे तुमचा वेग संपला. मनगट सैल, किल्ली तळापासून पूर्ण वर यायची वाट बघू नका, आणि डिजिटल पियानोवर सराव करत असाल तर स्पर्शाची सेटिंग हलकी करून स्वतःला फसवू नका.

शेवटी सगळे एकत्र, 'ग्रँडिओसो' म्हणजे भव्य, मग लय पसरत जाऊन काळी पाचवर संपायचं. पसरणं किती, हे फक्त कंडक्टरचं. पियानोवाला इथे बँडमधलाच एक आहे. शेवटचा कॉर्ड पियानोवर लवकर विरतो आणि ब्रासवाले श्वास असेपर्यंत धरू शकतात, तेव्हा तोडायचा इशारा स्पष्ट आणि मोठा हवा.

प्रत्येक तालमीत मोबाईल लावून रेकॉर्ड करा आणि फक्त जोड ऐका. कोण चुकलं हे बोलायचं नाही, कुठे चुकलं तेवढं सांगा.

पियानोच्या हाताबद्दल थोडं

मोठे कॉर्ड हातात बसत नसतील तर खालचा सूर आधी टेकवून फोडा किंवा आतला एक सूर सोडा, वरची चाल आणि खालचा बेस ठेवा. बँडसोबत असताना पेडल निम्मं करा, ब्राससमोर चिखल होतो. आणि घरी सराव करताना मित्राला दुसऱ्या पियानोचा भाग कीबोर्डवर वाजवायला बसवा, बँडच्या आधी निदान तीन-चार बैठका अशा झाल्याच पाहिजेत.

हॉल

हॉलवर पियानो असेलच असं धरून चालू नका. महाकवी कालिदास कलामंदिर किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृह घेताय तर आधी जाऊन स्टेजची खोली मोजा, बारा-पंधरा माणसं, ड्रमसेट आणि पियानो बसतो का. खरा ग्रँड मुंबईहून भाड्याने आणायचा तर कसारा घाटातून ने-आण, हमाली, आणि उतरवल्यावर पुन्हा ट्यूनिंग, हे सगळं धरून हिशोब करा. पहिल्या वेळेला ८८ किल्ल्यांचा वजनदार स्पर्शाचा डिजिटल पियानो चालतो, तिथे बोलायला लाज नको. एक फायदापण आहे, बँड गरम झाला की ब्रासचा सूर थोडा चढतो, डिजिटल पियानो सेटिंगमधून ४४० हर्ट्झचा ४४१-४४२ करता येतो. बँड दहा मिनिटं वाजवून घ्या, मग पियानो त्यांना लावा.

साउंडवाल्याला आपण लाऊड ऑर्केस्ट्रा नाही हे दोनदा सांगा. मध्यम हॉलमध्ये ब्रासला आणि ड्रमला माईक लागत नाही. पियानोला लाइन (वायर थेट मिक्सरला), क्लॅरिनेटला एक माईक, व्हायोलिनना एक-दोन, बस. इको शून्य. पियानोचा एक मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवतात तो स्पीकर) कंडक्टरकडे आणि एक ड्रमकडे, कारण ते दोघं पियानो ऐकू शकले नाहीत तर वर लिहिलेले सगळे जोड वाया. पियानो असा ठेवा की वादकाला मान न वळवता कंडक्टर दिसेल, प्रेक्षकांना बोटं दिसली नाहीत तरी चालेल. गोदाघाटावर किंवा लॉनवर उघड्यावर करायचा मोह होईल, पण वाऱ्याने कागद उडतात, व्हायोलिन ऐकूच येत नाही, लाऊडस्पीकरची परवानगी काढावी लागते आणि रात्री दहाला बंद. पहिला प्रयोग बंद हॉलमध्येच. जनरेटर किंवा इन्व्हर्टरची सोय विचारून ठेवा, डिजिटल पियानो लाईट गेली की मुका.

त्या दिवशी

दुपारी एकदा फक्त जोड वाजवा, पूर्ण पीस नाही, ब्रासवाल्यांचे ओठ संध्याकाळसाठी राहू द्या. जेवण हलकं, मिसळ वगैरे कार्यक्रम झाल्यावर. कार्यक्रमपत्रिकेत गर्श्विनच्या नावाखाली बँडमधल्या प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य छापा, मास्तरांचं वर. सुरुवातीला निवेदकाला लांबलचक प्रस्तावना करू देऊ नका, क्लॅरिनेट गरम करून माणूस उभा असतो, रीड वाळते. आणि क्लॅरिनेटवाल्याला त्या पहिल्या मींडेसाठी उभं राहू द्या, लोकांनी त्याला बघायला हवं.

पैसे त्याच रात्री, पाकिटात, प्रत्येकाच्या हातात, मास्तरांना विचारून. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवा. आणि कापाकापी केलेले, लाल पेनने भरलेले सगळे कागद गोळा करून एका फाईलमध्ये ठेवा, पुढच्या चातुर्मासात पूर्ण सोळा मिनिटं करायची असतील तर तेच लागणारेत.